घरीं पाढे कसे शिकवावे ?

गणित कठीण जातें असें म्हणणारे विद्यार्थी कोणत्याही शाळेंत थोडे नसतात. कारण विचारावें, तर "आमचें डोकेंच त्या विषयांत चालत नाहीं," असें उत्तर बहुधा मिळतें. परंतु अशा विद्यार्थ्याची वही उघडून पाहिली म्हणजे निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. उदाहरणाची रीत बरोबर असते, मांडणी बरोबर असते. चुकलेला असतो तो एखादा लहानसा गुणाकार. सात आठे छप्पन्न याच्या ठिकाणीं चौपन्न लिहिलेलें असतें, आणि तेवढ्या दोहोंच्या फरकानें सबंध उदाहरण वाहून गेलेलें असतें. असें दहा वेळां झालें, कीं मूल स्वतःची गणना मंदबुद्धींत करूं लागतें आणि पुढें गणिताच्या वाटेसच जात नाहीं. ज्याला आपण बुद्धीचा दोष म्हणतों, तो पुष्कळदां दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेंत कच्च्या राहून गेलेल्या पाढ्यांच्या पंधरा-वीस ओळींचा दोष असतो.

हा दोष दूर करण्याचें खरें स्थान घर हेंच आहे. वर्गांत चाळीस मुलें एका सुरांत पाढे म्हणतात, तेव्हां त्यांपैकीं कोण खरोखर म्हणतो आणि कोण शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहून तोंड हालवितो, हें शिक्षकास कळणें कठीण. घरीं समोर एकच मूल असतें. शिवाय आपल्या खानदेशांत, घर हीच ज्यांची कांहीं काळ शाळा होते, अशीं मुलें थोडीं नाहींत. चाळीसगांव, धुळें, नंदुरबार या बाजूचीं अनेक कुटुंबें दिवाळीनंतर उसाच्या तोडणीसाठीं परमुलखीं जातात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांचे वर्षांतील कित्येक महिने उसाच्या फडाशेजारच्या कोपींत जातात. २०२० सालच्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां तर सर्वच घरांवर हा प्रसंग आला, आणि पुष्कळ घरांत थोरली बहीण हीच धाकट्यांची शिक्षिका झाली. म्हणून हा लेख विशेषेंकरून आपल्या शाळेंतील थोरल्या विद्यार्थ्यांसाठीं लिहिला आहे. सुटींत घरीं गेल्यावर धाकट्या भावंडास पाढे कसे शिकवावे, एवढाच त्याचा विषय आहे.

या बाबतींत दोन पक्ष नेहमीं ऐकूं येतात. एक म्हणतो, पाढे घोकून घ्यावे; समज पुढें आपोआप येईल. दुसरा म्हणतो, समजलें म्हणजे पुरे. घोकंपट्टीनें मूल पोपट होतें, आणि हिशेबाचें यंत्र तर आतां ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत. न समजतां घोकलेला पाढा मधेंच तुटला, तर तो जोडण्याचें साधन मुलाजवळ नसतें. उलट, नुसता समजलेला पाढा प्रत्येक वेळीं नव्यानें मोजावा लागतो. आणि भागाकार किंवा अपूर्णांक करतांना मन त्या मोजणींतच गुंतून राहिलें, तर मूळ उदाहरण कोठें होतें याचाच विसर पडतो. मनाची पाटी लहान असते. तिच्यावर एका वेळीं फार थोडें मावतें. पाढे पाठ असले म्हणजे ती पाटी विचारासाठीं मोकळी राहते. पाठांतराचा खरा उपयोग हा आहे.

समज आणि पाठांतर यांची जोडी कशी घालावी, हें पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या पायथ्याशीं पाटण म्हणून स्थान आहे. पाटणादेवीच्या देवळामुळें तें सर्वांस ठाऊक आहे. तेथें शके ११२८ मधील, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा, एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणला. प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेव यानें त्यास दान दिलें, असें त्या लेखांत सांगितलें आहे. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठींत आहे. पाटणच्या बाजारांतील खरेदीविक्रीवर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठीं काय उत्पन्न लावून दिलें, याची त्यांत नोंद आहे. म्हणजे आठशें वर्षांपूर्वीं याच खानदेशांत बाजारच्या उत्पन्नावर गणिताची शाळा चालत होती.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांपैकीं 'लीलावती' हें अंकगणित इ. स. ११५० च्या सुमाराचें. तें सर्व श्लोकबद्ध आहे, अर्थात् विद्यार्थ्यानें तें मुखोद्गत करावें अशी अपेक्षा होती. पण गुणाकाराच्या प्रकरणांत आचार्यांनीं काय केलें आहे पाहा. १३५ ला १२ नीं गुणा, असें एक उदाहरण घेऊन ते त्याच्या अनेक रीती सांगतात. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करावे. १०८० आणि ५४० मिळून १६२० होतात. अथवा १२ म्हणजे तीन चोक, म्हणून आधीं एकानें व मग दुसऱ्यानें गुणावें. अथवा दहानें गुणून १३५० आणावे व त्यांत दुप्पट, म्हणजे २७०, मिळवावे. अथवा १२ मध्यें ८ मिळवून वीसानें गुणावें आणि आठपट वजा करावी. २७०० तून १०८० गेले, म्हणजे पुन्हां १६२० च उरतात. श्लोक पाठ करावयाचा आणि संख्या फोडावयास शिकावयाचें, या दोन गोष्टींत त्या महापंडितास वैर दिसलें नाहीं. आपणही घरीं हाच मार्ग धरावा.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पाढ्यांच्या आधीं वीसपर्यंतची बेरीज पक्की आहे कीं नाहीं तें पाहावें. आठ आणि पांच किती, असें विचारल्यावर मूल बोटें मोजूं लागलें, तर पाढ्यांची घाई करूं नये. चिंचोके किंवा सरकी घेऊन आठांचे दहा कसे करावयाचे तें दाखवावें: पांचांतून दोन उचलून आठांत टाकले, दहा झाले, बाकी तीन, म्हणून तेरा. दहा भरण्याची ही युक्ति हाताला बसली म्हणजे बोटें आपोआप सुटतात. बोटें मोजल्याबद्दल मुलास रागावूं नये. वाट सांपडली कीं काठी कोणी हातांत धरीत नाहीं.

त्यानंतर पाढे. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर ओळी आहेत, असें ऐकूनच मुलाची छाती दडपते. पण हा डोंगर दिसतो तेवढा उंच नाहीं. प्रथम एकाच्या व दहाच्या ओळी बाजूस ठेवा. त्या कोणालाही येतात. उरल्या चौसष्ट. मग मुलाला केळीच्या अगर कपाशीच्या शेताच्या बांधावर उभें करा. सात ओळी, प्रत्येक ओळींत आठ रोपें. आतां त्यास शेजारच्या बांधावर न्या आणि त्याच शेताकडे पाहावयास सांगा. आठ ओळी, प्रत्येकींत सात रोपें! रोप एकही वाढलें नाहीं कीं कमी झालें नाहीं. सात आठे आणि आठ साते ही एकच गोष्ट आहे, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें, कीं चौसष्टांच्या छत्तीसच राहतात.

या छत्तिसांतून दोनाच्या आठ ओळी काढा. दुप्पट करणें मुलास येतेंच. राहिल्या अठ्ठावीस. पांचाच्या सात काढा. दहापटीचें अर्धें केलें कीं पांचपट मिळते. राहिल्या एकवीस. नवाच्या सहा काढा; दहापटींतून एक पट वजा केली, कीं नऊपट. सत्तरांतून सात गेले, त्रेसष्ट. नऊ साते त्रेसष्ट. शिवाय त्रेसष्टांतील सहा आणि तीन मिळून नऊच होतात, हा ताळा मुलास फार आवडतो. आतां राहिल्या केवळ पंधरा, आणि त्या या: तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा, तीन सक अठरा, तीन साते एकवीस, तीन आठे चोवीस, चार चोक सोळा, चार सक चोवीस, चार साते अठ्ठावीस, चार आठे बत्तीस, सहा सक छत्तीस, सहा साते बेचाळीस, सहा आठे अठ्ठेचाळीस, सात साते एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न, आणि आठ आठे चौसष्ट. शंभर ओळींचें ओझें डोक्यावर घेऊन रडणाऱ्या मुलाच्या हातीं या पंधरा ओळींची एक लहानशी चिठ्ठी द्यावी आणि "एवढेंच राहिलें आहे," असें सांगावें. त्याच्या मुद्रेंत पडणारा फरक पाहण्यासारखा असतो.

या पंधरांपैकीं एखादी आठवली नाहीं, तर लगेच उत्तर न देतां पाटणच्या मठांतील रीत आठवावी. सात आठे येत नाहीं? सात चोक किती? अठ्ठावीस. त्याची दुप्पट करा, छप्पन्न. अथवा सात पंचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन्न. ज्या मुलाला अशा दोन वाटा ठाऊक आहेत, तें अडलें तरी घाबरत नाहीं.

वाट कळली, तरी ती रोज तुडवावी लागते, हेंही खरें. येथें पुष्कळ घरांत एक चूक होते. मुलाला पुस्तक देऊन "पाढा वीस वेळां वाच," असें सांगितलें जातें. वाचतांना सर्व येत असल्यासारखें वाटतें. पुस्तक मिटलें, कीं सर्व उडून जातें. रविवारच्या शाळेंत वचन पाठ करणाऱ्या मुलांना हा अनुभव आहेच. वचन पाठ होतें तें पुस्तक मिटून म्हणून पाहिल्यानें. २००६ सालीं रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं याचा प्रयोग केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा पुन्हां पुन्हां वाचला; कांहींनीं तो एकदां वाचून नंतर आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली, तेव्हां वाचणारे पुढें होते. परंतु आठवड्यानें घेतली, तेव्हां आठवून लिहिणारे पुष्कळच पुढें गेले. त्याच्याही आधीं, १८८५ मध्यें, जर्मनींतील एबिंगहाउस यानें स्वतःवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, शिकलेलें प्रथम झपाट्यानें व पुढें हळूहळू विसरलें जातें, आणि एकाच बैठकींत पुष्कळ उजळणी करण्यापेक्षां दिवस टाकून थोडी थोडी केलेली अधिक टिकते.

यावरून घरची रीत अशी ठरते. रोज दिवेलागणीच्या वेळीं दहा मिनिटें, अधिक नको. एकेका कागदाच्या चिठ्ठीवर एकेक प्रश्न, मागच्या बाजूस उत्तर. आगपेट्यांच्या तीन रिकाम्या डब्या घ्याव्या. नव्या चिठ्ठ्या पहिल्या डबींत. त्या रोज विचारावयाच्या. उत्तर न अडखळतां आलें, कीं ती चिठ्ठी दुसऱ्या डबींत. ती दर तिसऱ्या दिवशीं. तेथेंही आलें, तर तिसरींत. ती आठवड्यांतून एकदां. चुकलें, कीं चिठ्ठी निमूटपणें पहिल्या डबींत परत. एका दिवशीं दोहोंहून अधिक नव्या चिठ्ठ्या घालूं नयेत. या हिशेबानें पंधरा ओळी आठ दिवसांत समोर येतात आणि एका महिन्याच्या सुटींत चांगल्या मुरतात. प्रश्न नेहमीं मिसळून विचारावे. कारण ओळीनें पाढा म्हणणारें मूल सात आठे विचारल्यावर सात एके सातपासून चढत येतें. तसेंच प्रश्न उलटूनही विचारावा: छप्पन्नांत सात किती वेळां? गुणाकार आणि भागाकार हे एकाच नाण्याचे दोन छाप आहेत, हें त्यानें कळतें.

जिच्या घरीं आई निरक्षर आहे, तिनें तेवढ्यावरून निराश होऊं नये. मुलानें चिठ्ठी वाचावी, उत्तर सांगावें, मग मागची बाजू पाहून खरें-खोटें आपणच सांगावें. आईनें नुसतें ऐकावें. आपल्या जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. शेतांत आणि जात्यावर रचलेलीं त्यांचीं गाणीं इतरांनीं लिहून घेतलीं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. जें लिहून ठेवतां येत नाहीं तें तोंडीं कसें सांभाळावें, हें आपल्या आयाबायांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

पूर्वीं घरोघर तिन्हीसांजेला परवचा होत असे. शुभंकरोति झालें, कीं पाढे. पंतोजीच्या शाळेंत तर पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढाही, पाठ करावा लागे. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते, तोंवर या पाढ्यांवांचून दुकानांत पाऊल टाकणें कठीण होतें. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, त्यामागोमाग किलो आणि मीटर आले, आणि हे पाढे मागें पडले. त्यांचें ओझें पुन्हां मुलांवर घालावें असें नाहीं. परंतु पाव, दीड, अडीच हे शब्द बाजारांत अजून रोज चालतात. भाजी आणावयास मुलाला बरोबर न्यावें आणि दीड किलोचे किती झाले, तें त्यालाच सांगूं द्यावें.

पाढ्यांची आपली भाषाही मोठी सोयीची आहे. एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक हे शब्द गुणाकाराशिवाय सहसा ऐकूं येत नाहींत. त्यांमुळें ओळीला ताल येतो व जीभच पुढचा शब्द ओढून आणते. मात्र एक अडचण आहे. एकोणपन्नास, त्रेपन्न, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर हीं नांवें लहान मुलास जड जातात. घरीं अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्यास तर अधिकच. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाची सोय करण्यांत आली, तेव्हां मोठा वाद माजला. त्या विषयाच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें, जोडाक्षरांचीं अवघड नांवें मुलांच्या मनांत गणिताची धास्ती उत्पन्न करतात, असें होतें. वाद कांहींही असो, घरीं आपण दोन्ही वापरावीं. मूल त्रेसष्ट म्हणतांना अडखळलें, तर "साठ आणि तीन" असें त्यास म्हणूं द्यावें, आणि मग "त्यालाच त्रेसष्ट म्हणतात," असें हलकेच सांगावें. नांव चुकलें म्हणजे गणित चुकलें असें नव्हे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाढे विचारतांना हंसूं नये, मारूं नये, शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये, आणि पाहुण्यांसमोर मुलाची परीक्षा घेऊं नये. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या संशोधकांनीं २००१ मध्यें असें दाखविलें कीं, गणिताची भीति बाळगणाऱ्या माणसाच्या मनाची ती लहानशी पाटी हिशेब करतांना भीतीनेंच भरून जाते. म्हणजे मूल मंद म्हणून चुकत नाहीं. धाकानें पाटी भरली म्हणून चुकतें. आणि आपण त्या चुकीबद्दल आणखी धाक घालतों! मोजून तीन श्वास थांबावें. उत्तर न आल्यास शांतपणें सांगावें, दुसरे दोन प्रश्न विचारावे, आणि पुन्हां तोच विचारावा. या वेळीं तें येतें. आणि आलेल्या उत्तरावरच दिवसाची शाळा संपवावी.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास कपाशीच्या शेतांतील एक हिशेब सांगतों. समजा, एका बाईनें सात दिवस, दररोज अठ्ठावीस किलो कापूस वेचला. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं मजुरी घेण्यास ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन गेली. मुलगी मनांत म्हणते: सात वीस एकशें चाळीस, सात आठे छप्पन्न, एकशें शहाण्णव. समोरचा कागदावर एकशें चौऱ्याण्णव लिहितो. त्यानें तें मुद्दाम लिहिलें असेल, किंवा त्याचाही पाढा कच्चा असेल. पण मुलीला आपल्या उत्तराची खात्री असेल, तरच ती तोंड उघडील. दोन किलो कापूस वेचण्यास उन्हांत किती वेळ वांकावें लागतें, तें त्या आईला विचारावें. विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत आपल्या धाकट्या भावंडास रोज दहा मिनिटें द्या, म्हणजे अशा वेळीं त्याची जीभ अडखळणार नाहीं.